दगडसुद्धा परत केलेस, कुमुद

कुमुद, तुझा मिलिंद सांगलीहून आला तेव्हा त्याच्याजवळ दोन मोठ्या रिकाम्या बॅगा होत्या. मावशीचं सामान न्यायचं म्हणून शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या. मी त्याला आपल्या कॅरव्हानमध्ये नेलं आणि तुझी फळी दाखवली. काही सुती साड्या, दोन-तीन पंजाबी ड्रेस, एक स्वेटर, वाचायचा चष्मा, तुझं होकायंत्र आणि तुझ्या आईचा फोटो. त्याने फळी पाहिली आणि मग इकडेतिकडे बघायला लागला. बाकड्याखाली वाकून पाहिलं, ओट्याखालचं दार उघडलं.

"बाकीचं कुठंय, विजूमावशी?"

"बाकी काही नाही रे."

"म्हणजे, एवढंच?"

"एवढंच."

तो तुझ्या बाकड्यावर बसला. मग म्हणाला, "आमच्याकडे आजीच्या वेळची एक खोली अजून बंद आहे. ती उघडायची कुणाची छाती होत नाही. आणि मावशीने..." तो रडत नव्हता, कुमुद. थक्क झाला होता. मला त्याचं नवल वाटलं नाही. तुझ्या शेजारी राहून मी इतकी वर्षं दुसरं काय करत आले?

तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठवर, किती वर्षं नोकरी, हे शाळेच्या शोकसभेत बोलून झालं. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. सवय आहे, सुटत नाही.

आपण दोघी एकाच महिन्यात निवृत्त झालो. ऊद मेथातल्या शाळेत तू भूगोल शिकवायचीस, मी हिंदी. करामातल्या एकाच इमारतीत तू पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. इथे आखातात निवृत्त झालं की परत जायचं, हे सगळ्यांचं ठरलेलंच असतं. पुण्यात नाही तर नाशकात एक फ्लॅट घेऊन ठेवलेला असतो, त्यात भाडेकरू असतो, आणि एक दिवस आपण त्याला निघ म्हणून सांगतो. माझाही होता. श्रीकांत होते तेव्हा आम्ही दोघांनी घेतलेला. निरोपसमारंभ आटोपून, हातात शाली आणि नारळ घेऊन आपण जिना चढत होतो. तुझ्या मजल्यावर तू थांबलीस.

"विजू, मी सांगलीला जात नाहीये. मी गाडीत राहणार."

"कुठल्या गाडीत?"

"घर असलेल्या. कॅरव्हान. मोटारीला मागे जोडायची आणि यल्ला, निघायचं. थंडीत वाळवंट, उकाडा वाढला की डोंगर, फारच झालं तर सरळ ओमान."

"तुला वेड लागलंय."

"हो. तू येतेस का?"

मी हसून वर गेले. पण कुलूप उघडताना माझ्या लक्षात आलं, की मी तुला नाही म्हटलेलं नाही.

आपल्या मराठी मंडळात ही बातमी पसरली तेव्हा काय गंमत झाली ते तुला आठवत असेल. दोन म्हाताऱ्या बायका रानोमाळ फिरणार! तुला व्हिसा कोण देणार, इथपासून सुरुवात. निवृत्तांना व्हिसा मिळतो, हे तू आधीच चौकशी करून, कागद दाखल करून मोकळी झालेली. मग शेवटी कुणीतरी हळूच विचारलं, "आणि बाथरूमचं काय हो?" तू म्हणालीस, "आहे ना. तुमच्या बाथरूमपेक्षा लहान आहे. आंघोळ मात्र तेवढीच होते."

तुझं घर रिकामं होताना मी पाहिलं. तसं घर रिकामं होताना मी पुन्हा कधी पाहणार नाही. तू विकायला काढलं नाहीस, जाहिरात दिली नाहीस. रोज कुणाला तरी चहाला बोलवायचीस. चहा पिताना त्यांची नजर कशावर रेंगाळते ते बघायचीस, आणि उठताना ती वस्तू त्यांच्या हातात द्यायचीस. वरच्या मजल्यावरच्या बॅचलर खोलीतला साळवी, तो राजापूरचा, साइटवर काम करणारा, तो नळ दुरुस्त करायला आला आणि कुकर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीतली सगळी मुलं जिन्यात उभी. "बाई, साळवीला कुकर दिलात, आम्हाला काय?" तू एवढी हसलीस! संध्याकाळपर्यंत परात, पोळपाट, दोन खुर्च्या आणि गादी वर गेली. मी म्हटलं, "अगं, आज झोपणार कशावर?" तू म्हणालीस, "गालिच्यावर. उद्या तोही जाईल, तेव्हा सवय करते."

एका आठवड्यात घर मोकळं. फक्त पलंगाच्या जागी तीन पाट्या उरल्या. दगडांनी भरलेल्या. मुलांना सहलीला घेऊन जायचीस तिथून तू दर वेळी एक दगड उचलून आणायचीस. वर्गात दाखवायला. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरात गावाचं नाव. हत्ता, मलीहा, खोर फक्कान, रास अल खैमा.

"हे शाळेला देऊन टाक," मी म्हटलं.

"शाळेला कसे देऊ? माझे थोडेच आहेत. मी उचलून आणलेत." मग एक हातात घेऊन म्हणालीस, "जिथले तिथे ठेवून येऊ."

मला वाटलं, थट्टा करतेयस. पण पुढच्या शनिवारी सकाळी तू खाली हॉर्न वाजवत होतीस. आणि तो सगळा हिवाळा आपण दगड परत करत हिंडलो, कुमुद. आता हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. हत्ताच्या वाटेवरचा तो काळपट हिरवा दगड तू ओढ्याच्या काठी ठेवलास. ठेवण्याआधी मला म्हणालीस, "हात लाव. हा पृथ्वीच्या पोटातून वर आलाय. एरवी माणसाला तिथे जाता येत नाही." मी हात लावला. सांगायला लाज वाटते, पण माझ्या अंगावर काटा आला.

आणि मलीहाचा तो डोंगर. उन्हात आपण धापा टाकत चढलो, तू पुढे, मी मागे पदर सावरत. वर तू पिशवीतून दगड काढलास आणि माझ्या तळहातावर ठेवलास. त्यात एक शंख होता. दगडात दगड होऊन बसलेला.

"डोंगरावर शंख कसा?"

"कारण हा डोंगर समुद्राच्या तळाशी होता, विजू. कोट्यवधी वर्षांपूर्वी. आपण आत्ता समुद्राच्या तळावर उभ्या आहोत."

मी खाली पाहिलं. दूरवर वाळू, मध्ये रस्ता, त्यावर मुंग्यांएवढ्या लॉऱ्या. त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही. माझ्या मनात माझा सोफा होता. शिसवी सोफा, श्रीकांतनी हौसेने बनवून घेतलेला. तो विकू की पुण्याला पाठवू, हे मी सबंध चढणभर घोळवत आले होते. हातात तो शंख, आणि डोक्यात सोफा. मला हसू आलं. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. ठेव तुझा दगड." तू गुडघ्यावर बसलीस, दगडाला नीट खाच शोधलीस, आणि लहान मुलाला पाळण्यात ठेवावं तसा ठेवलास.

परत येताना त्याच रस्त्यावर ढैदजवळ टायर फुटलं. तिथल्या शेताच्या दारातून उम्म सईद बाहेर आली. काळा बुरखा, चेहऱ्यावर इथल्या जुन्या बायका घालतात तो सोनेरी मुखवटा, आणि तोंडात फर्डं हिंदी. नवऱ्याच्या आजारपणात मुंबईच्या इस्पितळात शिकलेलं. टायर बदलेपर्यंत तिने आपल्याला कॉफी पाजली, खजूर खायला घातले, आणि आपण डोंगरावर दगड परत ठेवायला गेलो होतो हे ऐकून तिने एकदाही "का?" म्हणून विचारलं नाही. मान हलवली, बस. तेव्हाच तुमचं जमलं.

माझं घर रिकामं व्हायला मात्र महिने लागले. तू आठवड्यात मोकळी झालेली, आणि मी एकेक वाटी हातात धरून बसलेली. मी टोरांटोला अमेयला व्हिडिओवर त्याची शाळेतली बक्षिसं दाखवली. तो म्हणाला, "आई, जस्ट थ्रो इट. आय डोन्ट इव्हन रिमेंबर." त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण फोन ठेवल्यावर मी तो लहानसा पितळी कप पोटाशी धरून रडले. तू तिथेच बसली होतीस. मला वाटलं, आता व्याख्यान ऐकायला मिळणार. तू म्हणालीस, "हे कशाचं बक्षीस?"

"धावण्याचं."

"कितवा आला?"

"तिसरा. बुटाची नाडी सुटली होती, नाहीतर पहिला आला असता."

"मग? तू काय म्हणालीस त्याला?"

आणि मी सांगत बसले. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आलीस. पुन्हा एक वस्तू उचललीस. "आणि हे?" श्रीकांतचं दाढीचं सामान, त्यांचा कोट, लग्नात सासूबाईंनी दिलेली पितळी समई, न नेसलेल्या पैठण्या. एकदाही टाक म्हणाली नाहीस. ऐकत राहिलीस. गोष्ट सांगून झाली की ती वस्तू हातात हलकी व्हायची. मग मीच म्हणायचे, "हे साळवीच्या बायकोला जाऊ दे. तो गावी चाललाय." स्वतःच्या संसाराला आठवडा दिलास आणि माझ्यासाठी सगळा उन्हाळा बसलीस. कुमुद, तुझ्याकडे कुठून आला होता एवढा धीर? वर्गात तर तू शेवटच्या बाकावरच्या मुलाला खडू फेकून मारायचीस.

तुझे मी कधी आभार मानले नाहीत. मैत्रिणींत मानायचे नसतात, अशी आपली शिकवण. आता वाटतं, मानायला हवे होते. निदान एकदा तरी, तोंडाने.

कॅरव्हान मिळाली ती मायदेशी परत चाललेल्या एका दक्षिण आफ्रिकन जोडप्याकडून. ती ओढायला तू मोठी गाडी घेतलीस. शारजाच्या इंडस्ट्रियल भागामागच्या मोकळ्या मैदानात आपण ती मागे घ्यायला शिकलो. मागे घ्यायला, म्हणजे काय सांगू! चाक डावीकडे फिरवलं की कॅरव्हान उजवीकडे जाते. तिथला पठाण वॉचमन लांबून ओरडायचा, "माँजी, उल्टा काटो! उल्टा!" तू काच खाली करून त्याला म्हणालीस, "भाईसाब, मैं भूगोल पढ़ाती थी. मुझे दिशा मत सिखाओ." आणि कॅरव्हान सरळ त्याच्या खुर्चीवर घातलीस. बिचारा उडी मारून वाचला. पुढच्या आठवड्यात त्यानेच आपल्यासाठी दगड रचून खुणा करून ठेवल्या होत्या.

पहिली चाचणी लिवाच्या वाळवंटात. तिकडे मोठ्या टेकडीपर्यंत डांबरी रस्ता जातो म्हणून आपल्याला जमलं. अंधार पडायच्या आत पोचलो, खिचडी केली, आणि थकून झोपलो. पहाटे तू मला उठवलंस. बोलली नाहीस, नुसता खांदा हलवलास. तू आणि न बोलता! मला वाटलं काहीतरी वाईट झालं. तू दार उघडलंस तर बाहेर काहीच नव्हतं. पांढरं. धुकं एवढं दाट की आपलीच गाडी दिसत नव्हती.

तू चप्पल काढलीस. मीही काढली. थंडगार ओल्या वाळूतून आपण जवळच्या टेकाडावर चढायला लागलो. एक पाऊल वर, अर्धं खाली. मध्ये मी बसले. तू हात दिलास. आणि मग एकाएकी डोकं धुक्याबाहेर आलं.

मी देवळं पाहिलीत, कुमुद. काशी पाहिली, रामेश्वर पाहिलं. पण असं कधी माझे हात आपोआप जोडले गेले नव्हते. खाली सगळं पांढरं पसरलेलं, आणि त्यातून टेकड्यांचे फक्त शेंडे वर, जास्वंदीच्या रंगाचे, क्षितिजापर्यंत. आवाज नाही. वारा नाही. सूर्य आला तसे ते शेंडे एकेक करून पेटत गेले.

तू कितीतरी वेळ उभी होतीस. मग अगदी बारीक आवाजात म्हणालीस, "विजू, सबंध नोकरीभर मी हे फळ्यावर खडूने काढत होते. चंद्रकोरीसारखी टेकडी, वाऱ्याची दिशा, बाण. दहा मार्कांचा प्रश्न. मुलांना कधी सांगितलंच नाही, की हे एवढं..."

"एवढं काय?"

"माहीत नाही गं," तू म्हणालीस. "शब्द नाही माझ्याकडे."

भाषा शिकवणारी मी. माझ्याकडेही नव्हता.

त्या सकाळी मी ठरवलं. खाली उतरल्यावर चहा करताना मी म्हटलं, "पुण्याच्या भाडेकरूला राहू दे." तू कपात बघत म्हणालीस, "राहू दे." बस, तेवढंच. एवढा मोठा निर्णय, आणि आपण दोघींनी त्यावर टोस्ट बुडवून खाल्ला.

करामाच्या किल्ल्या दिल्या. बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं, तू पाहिलं नाहीस. निघायची तयारी पुरी होईस्तोवर उम्म सईदने आपल्याला शेतावर जागा दिली, त्या जुन्या घाफच्या झाडाखाली. पाण्याची टाकी बदलायची, सोलर बसवायचं, माझे गुडघे दाखवून घ्यायचे. मग पूर्वेकडच्या समुद्रावर जायचं. तुझं सगळं आखून झालेलं.

त्या झाडावरून आपलं भांडण जुंपलं. तू पहिल्याच दिवशी खोडावर हात ठेवून म्हणालीस, "ही शमी आहे. आपली सौंदड."

"काहीतरीच. शमीची पानं मी दर दसऱ्याला देवापुढे ठेवत आलेय. ही नव्हे ती."

"तू पुडीतली पानं बघितलीस. झाड कुठे पाहिलंस?"

"आणि तुला म्हणे ह्या वाळवंटात शमी दिसते! कुमुद, आपण इथले नाही. इथलं झाड इथलं, आपलं आपलं."

तू एकदम गंभीर झालीस. "मग आपण कुठले? जन्मले त्या इस्लामपूरला माझं आता कोण आहे? तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये तू किती दिवस राहिलीस?"

"राहिले नाही म्हणून काय झालं? नाव आहे दारावर."

"दारावर," तू म्हणालीस. त्यात थोडी चेष्टा होती, आणि मला ती लागली. मी म्हटलं, "उद्या मेलीस तर तुला नेतील कुठे?" असं बोलायला नको होतं, पण आपण दोघी असंच बोलायचो. तू हसलीस. "तेव्हाचं तेव्हा. शमी आहे ही, दसऱ्याला दाखवते."

हा वाद चार दिवस चालला. पाचव्या दिवशी दुपारी जेवून तू त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसलीस. मी आत होते. हवा सुंदर होती, थंडीतली दुपार, झाडात बुलबुल. मी चहा टाकला आणि आतूनच हाक मारली, की तुझ्या शमीखाली चहा आणू का माझ्या घाफखाली. उत्तर नाही. मला वाटलं, रुसलीस. दोन्ही कप घेऊन बाहेर आले. तुझी मान जराशी कलली होती आणि डोळे अर्धवट उघडे, समोर डोंगराकडे. मी म्हटलं, "अगं, चहा." मग मी कप खाली ठेवले.

तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कुमुद. दुखल्याची खूणही नव्हती. इतकी हलकी होऊन कुणी जाऊ शकतं, हे मी पाहिलं नसतं तर मला कुणी सांगून पटलं नसतं. मी तुझा हात धरून बसले. आधी ओरडायला हवं होतं, कुणाला बोलवायला हवं होतं. पण मला जागचं हलवेना. मोठं काहीतरी नुकतंच तिथून गेलं होतं आणि मी त्याच्या वाटेशेजारी बसले होते, असं वाटलं.

जेबेल अलीच्या स्मशानात तुझे विद्यार्थी आले. किती! टाय लावलेले, केस पिकायला लागलेले. एक उंच मुलगा, मुलगा काय म्हणू, चाळिशीचा बाप्या, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मिस मेड अस स्टँड इन द सन टू फाइंड नॉर्थ. आय स्टिल डू इट." आणि तिथेच, त्या उन्हात, स्वतःची सावली बघत उभा राहिला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. मला तुझा अभिमान वाटला. आणि तुझा रागही आला, की हे बघायला तू थांबली नाहीस.

मिलिंद शेतावर आला तेव्हा बाहेर पडताना त्याने त्या झाडाची फांदी वाकवून पाहिली. "सौंदड इकडे पण असते होय? आमच्या बांधावर आहे." मी त्याला म्हटलं, "नीट बघ." त्याने नीट बघितलं, शेंग मोडून पाहिली. "तीच आहे, विजूमावशी." घे. हरले मी. आता हे कबूल करायला कुणी समोर नाही, हेच सगळ्यात जड जातंय.

अमेयचा रोज फोन. "आई, यू कान्ट लिव्ह इन अ ट्रेलर. नॉट अलोन. प्लीज कम हिअर." एकदा तो रडला. मी त्याला समजावलं नाही, कारण मलाच काही समजत नव्हतं. पुण्याचा फ्लॅट आहे, टोरांटोत खोली आहे, आणि इथे एका परक्या बाईच्या शेतात चाकांवरचं घर आहे. बॅग भरायला बसले तर ती भरलेलीच होती. तूच लावलेली सवय.

त्याच संध्याकाळी उम्म सईद आली. हातात कॉफीची किटली. तुझ्या जागी बसली नाही, जमिनीवर चटई टाकून बसली. मग म्हणाली, "तेरा बेटा बुलाता है?"

"हाँ."

"अच्छा बेटा है." कॉफी ओतली. "तेरे को डर लगता है, ये घर नहीं है करके."

मी मान हलवली.

"हम लोग सब ऐसा ही था," ती म्हणाली. "मैं छोटी थी. गर्मी में समुंदर छोड़ के इधर आता था, खजूर के पास. घर ऊँट पे बाँध के. मेरी माँ खुद बाँधती थी, खुद खोलती थी. फिर ठंडी में वापस." तिने शेताकडे, भिंतीकडे, आपल्या पक्क्या घराकडे हात केला. "ये सब बाद में आया. घर आया, तो सामान आया. सामान आया, तो हम बैठ गया."

आणि ती हसली. मुखवट्यामागून नुसते डोळे हसले.

कुमुद, हे तू ऐकायला हवं होतंस. मी तर आपण काहीतरी जगावेगळं करतोय असं धरून चालले होते. लोक हसतायत, मुलगा घाबरतोय, आणि आपण दोघी वेड्या. आणि इथे ही बाई सांगत होती की या मातीवर बायका कधीपासून असंच घर बांधत, सोडत, पुन्हा बांधत आल्या आहेत. आपण इथल्या नाही, असं मी तुझ्याशी भांडले होते. भांडण संपलं असं मी म्हणत नाही. पण माझी बाजू तेव्हा जितकी पक्की होती तितकी आता राहिली नाही.

मी अमेयला फोन केला. म्हटलं, उन्हाळ्यात येते तुझ्याकडे, नक्की येते. आत्ता नाही. तो म्हणाला, "ओके, आई. सेंड मी युअर लोकेशन एव्हरी डे." तेवढं मी करते.

हे लिहितेय ती फुजैराच्या किनाऱ्यावरून. येताना डोंगरातल्या वळणांवर घाम फुटला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, पण आले. सकाळ आहे. पाण्यावर कोळ्यांच्या बोटी आहेत. तुझ्या फळीवर मी अजून काही ठेवलेलं नाही.

मघाशी एक कुटुंब सुट्टीचं म्हणून किनाऱ्यावर आलं. मी दोरीवर टॉवेल वाळत घालत पुटपुटत होते, ते ऐकून त्यातली बाई थबकली. "अय्या, मराठी?" चाळिशीची असेल. शारजाच्या रोल्लात राहतात म्हणे, नवऱ्याचं फरसाणाचं दुकान. मुलं "मम्मा, कम ना" करत पाण्याकडे पळाली, ती मात्र कॅरव्हानभोवती फिरत राहिली. काचेतून डोकावली. मग न राहवून म्हणाली, "काकू, एकट्याच राहता?"

हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. "हो," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं.

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. या ना, आत या."

तिने पायरीशी चप्पल काढली आणि वाकून आत आली. ओटा पाहिला, बाकडं पाहिलं, तुझी मोकळी फळी पाहिली, आणि समोरच्या खिडकीतून तो अख्खा समुद्र. मध्येच उभी राहिली. हात छातीशी धरलेला.

"बाई गं," ती म्हणाली, "केवढी जागा आहे हो आत!"